वाचकांचे प्रश्न : नेटवर्किंग शिकवायचं तर

कॉम्प्युटर नेटवर्किंग शिकवण्याचं काम करिअर म्हणून कसं आहे, हे विचारणारी पत्रं नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे. अंबडच्या एका कारखान्यात सहा वर्षं नेटवर्क टेक्निशियन आहे. आता शिकवायचं आहे. कुठे घेतील? – एक वाचक, सातपूर

तुमच्याकडे आहेत त्या कागदांवर सगळ्यात जवळचं दार आयटीआयचं. नेटवर्किंग तिथे मुख्यतः दोन ट्रेडमध्ये येतं. कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स हा एक वर्षाचा ट्रेड आणि ज्याला सगळे आयसीटीएसएम (माहिती-तंत्रज्ञान यंत्रणांची देखभाल) म्हणतात तो दोन वर्षांचा. ‘कोपा’ (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) नावावरून जवळचा वाटतो, पण त्यात ऑफिस सॉफ्टवेअर आणि प्रोग्रामिंगच जास्त. निदेशक, म्हणजे आयटीआयचा शिक्षक, होण्यासाठी योग्य शाखेचा डिप्लोमा आणि दोन वर्षांचा अनुभव चालतो. अभियांत्रिकी पदवीधराला एक वर्षाचा आणि आयटीआय झालेल्याला तीन वर्षांचा अनुभव लागतो. याशिवाय क्राफ्ट इन्स्ट्रक्टर ट्रेनिंगचं, म्हणजे सीआयटीएसचं प्रमाणपत्र हवं. हा एक वर्षाचा कोर्स केंद्राच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये होतो. मुंबईत अशी संस्था आहे, प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून मिळतो. वर्षभर पगार बंद राहणार, त्याची तजवीज आधी करा.

शासकीय आयटीआयची भरती व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या जाहिरातीने होते. इलेक्ट्रॉनिक्स शाखा त्या ट्रेडच्या पात्रतेच्या यादीत आहे का, हे जाहिरातीत शब्दन् शब्द वाचूनच अर्ज भरा. अनुभवाचा दाखला मात्र नोकरीत असतानाच मागून ठेवा. त्यात पद, रुजू झाल्याची तारीख आणि कामाचं स्वरूप (केबलिंग, स्विचचं कॉन्फिगरेशन, कॅमेऱ्यांचं नेटवर्क) स्पष्ट लिहून घ्या. तुम्ही ठेकेदाराच्या हजेरीपटावर असाल तर दाखला ठेकेदाराचाच लागेल, आणि त्यातल्या तारखा पीएफच्या नोंदींशी जुळायला हव्यात. कागदपत्रांच्या तपासणीत उमेदवार अडतात ते बहुधा इथेच.

कामाची कल्पना यावी म्हणून सांगतो : वर्षाच्या १२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० थिअरीचे आणि १२० एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचे असतात. दिवसाचा बराचसा वेळ वर्कशॉपमध्ये उभं राहून जातो. कारखान्यातून आलेल्या माणसाला हे मानवतं.

प्रश्न : बीएस्सी आयटी झालं आहे. तंत्रनिकेतनात लेक्चरर होता येईल का? – एक वाचक, निफाड

नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या २०१९ च्या नियमांनुसार डिप्लोमाच्या लेक्चररला संबंधित शाखेची बीई किंवा बीटेक प्रथम श्रेणीत लागते. तुमचा रस्ता सीनियर कॉलेजचा आहे : एमएस्सीला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५० टक्के) आणि त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. महाराष्ट्राची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, विषय कॉम्प्युटर सायन्स अँड ॲप्लिकेशन्स. त्यात नेटवर्किंग हा अनेक घटकांपैकी एकच घटक आहे. डेटाबेस, ऑटोमाटा, डिस्क्रीट गणित यांची तयारी टाळता येणार नाही.

प्रश्न : सीसीएनए केलं की ट्रेनर होता येतं, असं क्लासवाले सांगतात. खरं का? – एक वाचक, सिडको

अर्धं खरं. खासगी क्लासमध्ये सीसीएनएवर, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्रावर, शिकवायला उभं करतात, पण त्या परीक्षेचा आवाका आणि शिकवायला लागणारी खोली यांत बरंच अंतर आहे. आज चालू असलेली परीक्षा २००-३०१ या क्रमांकाची आहे, ती फेब्रुवारी २०२० पासून आली, वेळ १२० मिनिटं. प्रमाणपत्र तीन वर्षं टिकतं. मुदत संपण्याआधी वरच्या पातळीची एखादी परीक्षा द्या किंवा मान्य कोर्स करून ३० क्रेडिट जमवा. मुदत संपली की शून्यापासून परीक्षा, पुन्हा पूर्ण फी. म्हणून मिळालं त्याच दिवशी कॅलेंडरवर अडीच वर्षांनंतरची खूण करून ठेवा.

सिस्को नेटवर्किंग ॲकॅडमीचा अभ्यासक्रम शिकवायचा असेल तर आधी तुमची संस्था ॲकॅडमी म्हणून जोडलेली हवी आणि तुमचं त्या कोर्सचं इन्स्ट्रक्टर प्रशिक्षण झालेलं हवं. नुसतं सीसीएनए तिथे पुरत नाही.

आमचं मत विचाराल तर दुसरं सिस्कोचं प्रमाणपत्र घेण्याआधी मायक्रोटिक आणि फायबर शिका. तालुक्याच्या गावांतल्या छोट्या इंटरनेट पुरवठादारांकडे मायक्रोटिकचे राउटर सर्रास असतात, आणि आपल्या मुलांना पहिली नोकरी बऱ्याचदा तिथेच लागते. ऑप्टिकल पॉवर मीटर हातात धरून मुलाला सांगता आलं पाहिजे की ग्राहकाच्या घरी जीपॉनचा (घरोघरच्या फायबर इंटरनेटचा) सिग्नल साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (हे सिग्नलच्या ताकदीचं माप) आत हवा, एका फायबरचे आठ करणाऱ्या १:८ च्या स्प्लिटरवर सुमारे १०.५ डीबी जातात, आणि हिरवा कनेक्टर निळ्यात घातला तर तो बसतो पण सिग्नल पडतो. हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं, त्यामुळे दोन्ही नीट भिडत नाहीत. फायबरच्या टोकात डोळा लावून पाहायचं नाही, हे पहिल्या तासालाच सांगा. तो प्रकाश दिसत नाही, म्हणूनच धोक्याचा.

प्रश्न : तंत्रनिकेतनात २० जणांच्या बॅचसाठी नेटवर्किंग लॅब उभी करायची आहे. पैसे कमी आहेत. काय घ्यावं, कशात फसगत होते? – एक शिक्षिका, नाशिकरोड

सुरुवात केबलपासून करा, स्विचपासून नको. प्रत्येक मुलाने दीड मीटरच्या दोन कॉर्ड करायच्या म्हटल्या तर ६० मीटर केबल लागते. ३०५ मीटरच्या एका खोक्यात सगळ्या बॅच निघतात. कनेक्टर मात्र दुप्पट घ्या. हिशोबाने ८० लागतात, पण पहिल्या दिवशी निम्मे वाया जातात, तेव्हा एका बॅचला १०० चे दोन डबे धरा. केबल घेताना तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. ती स्वस्त मिळते, दोनचार वेळा वाकवली की तुटते, तिचा रोध जास्त असतो आणि पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देऊन, कॅमेरा लावला की तापते. मुलांचा हात खऱ्या तांब्यावरच बसू द्या. आणखी एक, कॅट ६ ची तार जाड असते, ती कॅट ५ ईच्या कनेक्टरमध्ये कोंबायला लावू नका. मुलाला वाटतं आपलाच हात वळत नाही.

एलईडीच्या साध्या टेस्टरवर फार विसंबू नका. मुलं दोन्ही टोकांना रंगांच्या जोड्या ओळीने लावतात : पहिल्या-दुसऱ्या पिनला एक जोडी, तिसऱ्या-चौथ्याला दुसरी. टेस्टरचे आठही दिवे बरोबर लागतात, पण जोडी फुटलेली असते. तिसरी आणि सहावी पिन एकाच पिळाच्या जोडीची असावी लागते, कारण सिग्नल त्या दोन पिनांवर मिळून धावतो. जोडी फुटली की शेजारच्या तारांचा सिग्नल मिसळतो, छोट्या कॉर्डवर कळत नाही, ४० मीटरवर नेट रखडतं. टी ५६८ बीचा क्रम (पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी) पाठ करून घ्यालच, पण हिरव्याच्या मध्ये निळा का शिरतो, तेही सांगा. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या खाचेखाली दाबलं गेलंच पाहिजे. एवढ्या दोन गोष्टींवर कॉर्डचे निम्मे गुण ठेवायला हरकत नाही.

स्विच जुने चालतील. सिस्कोच्या २९६० मालिकेचे चार आणि दोन गिगाबिट पोर्टचे तीन राउटर एवढ्यात व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्क), ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी जोडणी), स्टॅटिक राउट, ओएसपीएफ (राउटरनी रस्ते आपोआप शिकण्याची पद्धत) सगळं बसतं. विकत घेताना दुकानातच कन्सोल (कॉम्प्युटरवरून थेट आज्ञा देण्याची केबल) लावून पाहा : ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. शो व्हर्जन चालवा, प्रत्येक पोर्टला केबल लावून दिवा बघा, पंख्याचा आवाज ऐका. पासवर्ड माहीत नसलेला राउटर आला तरी टाकून देऊ नका. चालू होताना ब्रेक द्या, रॉममॉनमध्ये (राउटरच्या सुरुवातीच्या दुरुस्ती-मोडमध्ये) कॉन्फिग रजिस्टर हेक्स २१४२ करा, रीसेट करा. मग स्टार्टअप कॉन्फिग रनिंगमध्ये आणा, नवा पासवर्ड टाका, रजिस्टर परत २१०२ करा आणि सेव्ह करा. यानंतर पोर्ट बंद दिसतात, कारण नुसत्या कॉपीने नो शटडाउन होत नाही. मुलं इथे हटकून अडतात, म्हणून हेच प्रात्यक्षिक म्हणून ठेवा.

बॅच संपली की इरेज स्टार्टअप कॉन्फिग करून भागत नाही. व्हीलॅनची यादी फ्लॅशमधल्या वेगळ्या व्हीलॅन डॉट डॅट फाइलमध्ये राहते. ती डिलीट करून मगच रीलोड करा, नाहीतर दुपारच्या बॅचला सकाळच्या बॅचचे व्हीलॅन आयते मिळतात. जुना स्विच कॉलेजच्या चालू नेटवर्कला लावण्याआधी व्हीटीपी (स्विचमध्ये व्हीलॅनची यादी आपोआप वाटणारी सोय) ट्रान्स्परंट मोडमध्ये टाका. डोमेनचं नाव जुळलं आणि त्याचा रिव्हिजन क्रमांक मोठा निघाला, तर तो कॉलेजचे सगळे व्हीलॅन आपल्या यादीने पुसून टाकतो.

तसंही लॅबचं नेटवर्क कॉलेजच्या नेटवर्कपासून तुटकच ठेवा. मुलाने लॅबच्या राउटरवर डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ते वाटण्याची सोय) चालू केला आणि लॅबची एक केबल भिंतीतल्या सॉकेटला राहिली, की ऑफिसातल्या कॉम्प्युटरना चुकीचे पत्ते मिळतात. प्रवेशाच्या दिवसांत असं झालं तर लॅबला कुलूप लागतं.

यूपीएसचा हिशोब : कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून १२० वॉट धरले तर २० चे २४०० वॉट होतात. ०.८ पॉवर फॅक्टरच्या ३ केव्हीएची तीच शेवटची मर्यादा. ५ केव्हीए परवडत नसेल तर फक्त रॅक १ केव्हीएवर घ्या आणि कॉम्प्युटर मेन्सवर ठेवा.

पॅकेट ट्रेसर मोफत आहे, घरच्या सरावाला उत्तम. पण त्यात कनेक्टर सैल बसत नाही, चिप नकली निघत नाही. यूएसबी-सिरियल केबलच्या नकली चिपवर विंडोज ‘कोड १०’ दाखवतं, हा धडा सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही. दोन्ही हवं.

प्रश्न : मुलं परीक्षेत पास होतात, पण साइटवर साधा दोष सापडत नाही. काय बदलावं? – एक निदेशक, येवला

आपण जोडायला शिकवतो, शोधायला शिकवत नाही. अभ्यासक्रमाच्या प्रयोगांत सगळं नीट चालू करून दाखवलं की गुण मिळतात. नोकरीत मात्र कुणीतरी आधी जोडलेलं, बिघडलेलं नेटवर्क समोर येतं. म्हणून चौथ्या आठवड्यापासून प्रत्येक प्रात्यक्षिकाची शेवटची २० मिनिटं दोषासाठी राखून ठेवा. मुलं बाहेर गेली की तुम्ही एकच दोष घाला. परत आल्यावर कीबोर्डला हात लावण्याआधी वहीत चार गोष्टी लिहायच्या : काय दिसतं, अंदाज काय, कोणती तपासणी, निकाल काय. निम्मे गुण या चार ओळींना. रीलोड करायला बंदी, कारण रीलोडने दोष गेला तर कुणी काहीच शिकत नाही. दोन दोष एकत्र फार उशिरा घाला. एक दुसऱ्याला झाकतो आणि मुलं धीर सोडतात.

सोप्यापासून चढत जा. गेटवे (बाहेर जाण्याच्या राउटरचा पत्ता) चुकवा : शेजारच्या कॉम्प्युटरला पिंग जातो, बाहेर जात नाही. डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय) चुकवा : ८.८.८.८ ला पिंग लागतो, नावाने काही उघडत नाही. डीएचसीपी तोडा : पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो. स्विचचा पोर्ट भलत्या व्हीलॅनमध्ये टाका. ट्रंकच्या यादीतून एक व्हीलॅन काढा. एकच आयपी दोघांना द्या.

पिंगचं उत्तर वाचायला शिकवा. आपल्याच पत्त्याकडून ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं तर एआरपीला (आयपीवरून मॅक ॲड्रेस विचारण्याला) उत्तर मिळालेलं नाही, म्हणजे दोष केबल, व्हीलॅन किंवा मास्कमध्ये, आपल्या बाजूलाच आहे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर पाकीट निघालं, उत्तर आलं नाही. पण विंडोजची फायरवॉल बहुधा पिंग अडवूनच बसलेली असते. एआरपीच्या तक्त्यात समोरच्याचा मॅक ॲड्रेस दिसत असेल तर तारेपर्यंत सगळं ठीक आहे. ही एक तपासणी माहीत नसल्याने मुलं चांगल्या केबल कापून पुन्हा क्रिंप करत बसतात.

डुप्लेक्सचा (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पाठवायचं, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ, याचा) दोष नक्की दाखवा. एका बाजूला १०० एमबीपीएस फुल पक्कं करा, दुसरी बाजू ऑटोवर सोडा. ऑटो बाजूला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही, म्हणून ती हाफवर जाते. पिंग व्यवस्थित, दिवे हिरवे, पण मोठी फाइल कॉपी केली की गोगलगाय. हाफ बाजूवर लेट कोलिजन वाढताना दिसतात, फुल बाजूवर सीआरसीच्या (पाकीट खराब पोचल्याच्या) चुका. शो इंटरफेसमधले आकडे पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा लिहून घेतल्याशिवाय हा दोष सापडत नाही. आकडे आपोआप शून्य होत नाहीत, त्यामुळे एकदाच पाहिलं तर जुनी चूक नवी वाटते.

लूप शेवटी ठेवा. व्यवस्थापन नसलेल्या साध्या स्विचचे दोन पोर्ट एकमेकांना जोडायचे, सगळे दिवे एकदम धडधडायला लागतात आणि लॅब ठप्प होते. मग असे लूप रोखणारा एसटीपी शिकवा. आधी शिकवलं तर तो फक्त पाच गुणांचा प्रश्न राहतो.

प्रश्न : सबनेटिंगला वर्ग गारद होतो. सोपी पद्धत? – एक शिक्षक, मालेगाव

सबनेटिंग म्हणजे मोठ्या नेटवर्कचे छोटे भाग पाडणं. १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ ही ओळ पाठ, आणि मास्कचा आकडा २५६ मधून वजा करायचा. १७२.१६.३७.२००/२० घ्या. मास्क २५५.२५५.२४०.०, तिसऱ्या घरात २५६ वजा २४० म्हणजे १६ चे गट : ०, १६, ३२, ४८. ३७ हा ३२ च्या गटात येतो. नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. मुलांची ठरलेली चूक अशी की ती चौथ्या घरातल्या २०० वर खेळत बसतात. म्हणून आधी विचारा, ‘मास्क कुठल्या घरात मोडतो?’ त्याचं उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नका. रोज तासाच्या सुरुवातीला पाच उदाहरणं द्या, कॅल्क्युलेटर नको. महिन्याभरात वर्ग बसतो. बायनरी टाळू नका, पण पहिल्या दिवशी बायनरीने घाबरवू नका.

प्रश्न : चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते आहे. थांबावं की सोडावं? – एक शिक्षिका, इंदिरानगर

पात्रता पूर्ण असेल आणि जाहिराती निघत असतील तर थांबण्याला अर्थ आहे. पात्रता अपुरी असेल तर आणखी वर्षं घालून ती भरून निघत नाही. तासिकेवर झालेल्या तासांचेच पैसे मिळतात, सुट्ट्या आणि परीक्षांचे आठवडे कोरडे जातात, हे घरखर्चात धरून चला. दर सत्राला नेमणुकीचं पत्र लेखी घ्या, घेतलेल्या तासांच्या नोंदवहीची सही झालेली प्रत आपल्याकडे ठेवा, कापलेला कर आपल्या पॅनवर जमा झाला का ते दर तिमाहीला तपासा. सत्र संपलं की त्याच आठवड्यात अनुभवाचा दाखला मागा. प्राचार्य बदलले की जुन्या दाखल्यासाठी खेपा घालाव्या लागतात.

दुपारच्या रिकाम्या वेळात एकदोन दवाखाने किंवा छोट्या ऑफिसांच्या नेटवर्कची वार्षिक देखभाल घ्या. पैसे येतात हे झालंच, पण शिकवण्याला खरे दोष मिळतात. नेटवर्किंगचा शिक्षक वर्षभर साइटवर गेला नाही की त्याच्या उदाहरणांना जुनाट वास येतो.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात नेटवर्किंग शिकवता येईल का? – एक पालक, गंगापूर रोड

इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ मध्ये सुरू झालं, तिथपासूनची कम्युनिटी कॉलेजांची ही परंपरा आहे. दोन वर्षांची असोसिएट पदवी, प्रवेश सर्वांना खुला, विद्यार्थ्यांत नोकरी करणारे पुष्कळ. नेटवर्किंगसारख्या विषयाला उद्योगातला अनुभव आणि सीसीएनए, नेटवर्क प्लस यांसारखी चालू प्रमाणपत्रं यांना तिथे वजन आहे. नेमकी अट राज्य आणि कॉलेजनुसार बदलते. सुरुवात बहुतेकदा ॲडजंक्ट (अर्धवेळ शिक्षक) म्हणून, एका कोर्सचे ठरावीक पैसे, म्हणजे आपल्या तासिकेचाच प्रकार. तिने आधी भारतीय पदवीचं मूल्यमापन नॅसेस या पदवी-मूल्यमापन संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून करून घ्यावं आणि आपल्या व्हिसावर काम करता येतं का, ते अर्जाआधी पाहावं.

प्रश्न : शिकवायला घेतलं, पण कॉलेजचं वायफाय, कॅमेरे, ऑनलाइन परीक्षा सगळं माझ्याच गळ्यात आहे. शिवाय पावसाळ्याआधी दरवर्षी स्विच जळतात. – एक शिक्षक, सिन्नर

पहिल्या भागासाठी नोंदवही ठेवा : तक्रार कधी आली, किती वेळ गेला. तीन महिन्यांची बेरीज प्राचार्यांना लेखी द्या आणि तेवढा कार्यभार कमी करून मागा. तोंडी तक्रारीला उत्तर मिळत नाही, तासांच्या बेरजेला मिळतं. किरकोळ दोष विद्यार्थ्यांकडून तुमच्या देखरेखीखाली काढून घ्या, पण चालू नेटवर्कचे पासवर्ड त्यांच्या हाती देऊ नका.

स्विच जळण्याचं कारण बहुधा दोन इमारतींमध्ये उघड्यावरून ओढलेली तांब्याची केबल. मे-जूनच्या विजांत ती दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक आपल्या अंगावर घेते आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. वीज थेट पडावी लागत नाही, जवळपास पडली तरी पुरते. तिथे सिंगल मोड फायबर टाका, सहा कोअरचं. दोन वापरा, चार राखीव. दोन्ही टोकांना १००० बेस एलएक्सचे एसएफपी मॉड्यूल (स्विचला फायबर जोडणारे) लावा, किंवा स्विचला एसएफपीची खाच नसेल तर मीडिया कन्व्हर्टरची जोडी. लिंक आली नाही तर आधी एका टोकाच्या दोन तारा अदलाबदल करून पाहा, कारण पाठवणारा पाठवणाऱ्यालाच जोडला जाणं ही नेहमीची चूक. केबल शक्यतो बिनधातूची घ्या. पोलादी कवचाची असेल तर ते कवच रॅकपर्यंत आणू नका, इमारतीत शिरतानाच अर्थिंगला जोडा. गच्चीवरच्या कॅमेऱ्यांची केबल तांब्याचीच राहणार, तिला सर्ज प्रोटेक्टर लावा आणि त्याची अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे का ते हाताने ओढून पाहा. रॅकजवळ न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मल्टिमीटर धरा. २-३ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर नवा स्विच बसवण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.